सतरा नंबर

तिने टाका घातला, दोरा ओढला, आणि टाका नीट बसला की नाही ते पाहायला पुन्हा ओढला. मग तिसऱ्यांदा. पडदा तिच्या मांडीवरून खाली उतरून अर्धी खोली व्यापून पडला होता, गर्द लाल, मखमली, झोपलेल्या म्हशीसारखा जड. त्याच्या खालच्या दुमडीत लोखंडी साखळी घालून ती दुमड हाताने शिवायची होती, म्हणजे रंगमंचावर तो वाऱ्याने फडफडला नसता. सकाळपासून तिने पाच हात शिवण पुरी केली होती. नऊ हात बाकी होती.

“किती ओढशील गं त्याला?” समोरच्या टेबलावरून मोठ्या ताई म्हणाल्या. “पडदा आहे तो. पळून चाललेला चोर नाही.”

“सवय आहे, ताई.”

“जित्याची खोड,” ताई म्हणाल्या आणि चष्मा कपाळावर सरकवून कापडावर खडूची रेघ मारायला वाकल्या.

मोठ्या ताई या नाट्यगृहाच्या शिवणखोलीच्या सर्वेसर्वा. पडदे, पोशाख, फाटलेली बाही, सैल झालेलं बटण, सगळं त्यांच्या हाताखालून जायचं, आणि त्यांच्या हाताखाली ती एकटीच होती. इथं लागून तिला आज सोळा दिवस झाले होते. पहिल्या दिवशी ती हसत घरी आली तेव्हा सासूबाई म्हणाल्या होत्या, “नव्याचे नऊ दिवस.” नऊ दिवस झाले, दहावा उजाडला, तरी ती गुणगुणतच वेणी घालत होती. सासूबाईंनी ती म्हण मुकाट्याने परत घेतली.

खरंच, तक्रारीला जागा नव्हती. खोलीला दोन खिडक्या होत्या. बसायला पाठ असलेली खुर्ची होती. पाणी प्यायला उठलं तर कुणी घड्याळाकडे बघत नव्हतं. पहिल्या दिवशी ताईंनी पत्र्याच्या डब्यातून पितळी अंगुस्तान, सुई बोटात रुतू नये म्हणून घालायची टोपी, काढून तिच्या बोटात घालून पाहिलं होतं, बांगडी घालून बघावी तसं. “बसतंय की. आजपासून हे तुझं,” त्या म्हणाल्या. आणि लगेच, त्याच सुरात, “एक ध्यानात ठेव. उसवलं तर सांगायचं. उसवणं हा गुन्हा नाही, कापड म्हटलं की उसवणारच. पण उसवलेलं लपवलंस, तर त्याच दिवशी अंगुस्तान परत डब्यात.” तिच्या आधीची बाई तशीच गेली होती, एका अस्तराच्या पायी.

एकच गोष्ट तिला इथं खुपायची. शिवणखोली रंगमंचाला लागूनच होती, आणि भिंतीच्या वरच्या झरोक्यातून आतल्या उंच लोखंडी जाळीवर चालणाऱ्या पावलांचा आवाज यायचा. तीस-पस्तीस फुटांवर कुणीतरी चालतंय. मग पावलं थांबायची. ती थांबली, की हिचा हातही थांबायचा, आणि ती मनात मोजू लागायची. एक, दोन, तीन. पावलं पुन्हा वाजेपर्यंत सुई पुढे सरकत नसे. ताईंनी अजून ते पाहिलं नव्हतं, किंवा पाहून सोडून दिलं होतं.

मोजायची ही सवय मागच्या कारखान्यातली. चार वर्षं ती तिथं चेकर होती. उंचावर काम करणाऱ्यांचे सेफ्टी बेल्ट तिथं बनायचे: इमारती रंगवणारे, काचा पुसणारे, खांबावर चढणारे. अठरा चेकर आणि अठरा शिक्के. नावाने तिथं कुणी हाक मारत नसे. ती सतरा नंबर. नियम सोपा होता. बेल्ट हुकाला अडकवायचा, खाली शंभर किलो वजन सोडायचं, तीन मिनिटं थांबायचं, शिवण तीनदा ओढून पाहायची आणि मग लेबलावर तारखेसकट आपल्या नंबरचा शिक्का मारायचा. तीन मिनिटं म्हणजे एकशे ऐंशी. ती प्रत्येक वेळी एकशे ऐंशी मोजायची.

पण तसं केलं की एकीच्या हातून दिवसाला शंभर बेल्ट व्हायचे, आणि मागणी होती तिप्पट. मग सुपरवायझरांनी त्यावर तोड काढली. त्यांना सगळे मागून घाईसाहेब म्हणत, कारण त्यांचं प्रत्येक वाक्य “जरा घाई आहे” असं सुरू व्हायचं. संध्याकाळी साडेपाचला घाईसाहेब स्वतः स्टीलचा ट्रे घेऊन ओळीने फिरायचे. एकेक नंबर पुकारायचे. जिचा नंबर, तिने ओ द्यायची आणि शिक्का ट्रेमध्ये टाकायचा. हरवू नयेत म्हणून, असं ते सांगत. संध्याकाळी प्रत्येकीच्या रॅकवर दोनशे-दोनशे बेल्ट कोरे पडलेले असायचे. सकाळी येऊन पाहावं तर सगळ्यांवर शिक्के, आणि खोकी बांधून तयार.

हे अठराही जणींना ठाऊक होतं. कुणी बोलत नव्हतं. ती एकदा बोलली. घाईसाहेब ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते मान कलती करून अगदी मायेने म्हणाले, “जरा घाई आहे, म्हणून थोडक्यात विचारतो. तुमचा शिक्का रात्री कुठं असतो? माझ्याकडे. मग काळजी कुणी करायची? मीच ना?”

त्यानंतर ती दोन वर्षं गप्प राहिली. संध्याकाळी ओ दिली, शिक्का टाकला. झोप उडाली, अन्न जाईना, केस गळायला लागले, तरी टाकत राहिली. शेवटी एका महिन्याच्या नऊ तारखेला तिने काम सोडलं. त्या दिवशी घाईसाहेबांनी शिक्का तिच्याकडून हातात घेतला आणि सोडल्याचं पत्र दिलं. शिक्का जमा केल्याचा कागद मागितला, तर म्हणाले, “जरा घाई आहे. पाठवून देतो.” तो काही आला नाही. मधे दीड महिना घरी बसून काढला, आणि मग हे काम मिळालं. सुंठीवाचून खोकला गेला, असं तिला वाटलं होतं.

त्याच दिवशी, गुरुवारी दुपारी, झरोक्यातली पावलं थांबली, जिना वाजला, आणि काका खोलीत आले. रंगमंचाच्या वरचे दोर, कप्प्या, दिवे सांभाळणारे म्हातारे गृहस्थ. दिवसभर वरच असायचे म्हणून सगळे त्यांना वरचे काका म्हणत. काही अडलं, की “वरच्याला विचारा,” हा इथला नेहमीचा विनोद. हिच्या दोरा ओढण्यावरून त्यांनी तिसऱ्याच दिवशी हिचं नाव ओढाताई ठेवलं होतं.

“ओढाताई, एक काम कर बाळ,” काका म्हणाले. “या पट्ट्याचा खांदा ढगळ होतोय. दोन बोटं आत घे.”

त्यांनी टेबलावर नवाकोरा बेल्ट टाकला. निळा पट्टा, पिवळी कड.

तिला लेबल बघायची गरज नव्हती. ती कड तिने चार वर्षं रोज शंभरदा हातात धरली होती. तरी तिने लेबल उलटलं. गोल शिक्का, त्यात सतरा.

“नवे आलेत?” तिने विचारलं. 

“कालच खोकं आलं. चार आहेत. माझा जुना चांगला होता, पण ऑफिसने जमा करून घेतला. म्हणे, त्याचं आयुष्य संपलं. मी म्हटलं, माझं अजून आहे की.” काका स्वतःच हसले. “शनिवारी झुंबर चढवायचंय. तुळईच्या बाहेर पुरतं लोंबकळावं लागतं त्याला. तेवढ्यात करून दे.”

“उद्या करते, काका.”

ते गेल्यावर तिने बेल्ट उचलून खिडकीपाशी नेला आणि तारीख वाचली. अठरा. महिना तोच, ज्याच्या नऊ तारखेला तिने काम सोडलं होतं. तिने बोटांवर मोजलं, पुन्हा मोजलं, आणि तिचा श्वास मोकळा झाला. नऊ दिवस नंतरचा. म्हणजे आपला नाही. आपण त्या दिवशी घरी होतो, माळा साफ करत होतो.

मग तिने हुकाजवळची शिवण चाचपली. दिसायला सरळ होती. दिसायला सगळ्याच सरळ असतात. तिने बेल्टची घडी घातली, टेबलाखालच्या खोक्यात ठेवली आणि वर कापडाच्या चिंध्या टाकल्या. उरलेल्या दुपारी तिने फक्त दोन हात तुरपाई केली.

घरी सासूबाईंच्या लगेच लक्षात आलं. त्या काही डोळ्यांनी अधू नव्हत्या.

“काय झालंय?” त्या म्हणाल्या. “भाजी निवडतेयस की तिची चौकशी करतेयस?”

तिने सांगितलं. सगळं, ट्रेसकट. सासूबाईंनी ते पहिल्यांदाच ऐकलं. त्या काळात त्यांना वाटायचं, सुनेला ॲसिडिटी आहे.

“तारीख तुझ्यानंतरची आहे ना?”

“हो.”

“मग तुझं काय जातंय त्यात? झाकली मूठ सव्वा लाखाची. बाई चांगली आहे, काम चांगलं आहे, चार दिवस झाले नीट जेवतेयस. उगाच हात दाखवून अवलक्षण कशाला?”

“आई, पण तो बेल्ट कुणी ओढलेलाच नाहीये.”

“कशावरून?”

“मीच सतरा नंबर होते. मी नव्हते, तर कोण ओढणार?”

 सासूबाईंनी निवडलेली भाजी पाण्यात घातली, दोनदा धुतली, चाळणीत निथळत ठेवली. मग मागे न वळता म्हणाल्या, “किती उंच चढतो म्हणालीस तो माणूस?”

“पस्तीस फूट.”

“आणि वय?”

“साठीचे असतील.”

 वाढताना तिच्या ताटात भात नेहमीपेक्षा कमी पडला, कारण ती जेवणार नाही हे सासूबाईंना कळलं होतं.

शुक्रवारी ताई खुशीत होत्या. सकाळीच म्हणाल्या, “शनिवारचं हे झुंबराचं काम पार पडू दे, मग तुझा कागद करून घेते. कायमचा. ऑफिसात बोलले मी.” तिने मान हलवली. सोळा दिवस ती ज्याची वाट पाहत होती ते हेच होतं, आणि आता ते ऐकताना तिची नजर टेबलाखालच्या खोक्याकडे गेली. लपवलंस तर त्याच दिवशी अंगुस्तान डब्यात. लपवून तर एक दिवस झालाच होता. आणि सांगायचं तरी काय? की ताई, मी चार वर्षं उसवलेलं लपवायच्याच ठिकाणी होते?

वर पावलं वाजत होती. ती थांबली. हिने मोजायला सुरुवात केली. पन्नास झाले, सत्तर झाले, नव्वद. पावलं वाजेनात. ती उठली, पडदा मांडीवरून तसाच खाली सोडून दिला आणि रंगमंचाच्या दाराशी जाऊन वर पाहिलं. काका जाळीच्या कडेला बसून शांतपणे एका कप्पीला तेल घालत होते. पाय खाली सोडलेले. कमरेला नुसता दोर.

“काका,” तिने खालून हाक मारली. “बेल्टचं माप घ्यायचंय. आधी एकदा वजन लावून बघूया?”

“माप घ्यायला वजन कशाला?”

“ताण आल्यावर पट्टा किती सरकतो ते कळतं.”

हे खोटं होतं, पण अगदीच खोटं नव्हतं. काका खाली आले. ताईही हातातला खडू तसाच धरून बाहेर आल्या.

“ओढाताईला आता माणूस ओढून बघायचाय,” काका म्हणाले.

“दुधाने तोंड पोळलंय तिचं, ताकही फुंकून पिणार,” ताई म्हणाल्या. त्यांना तेव्हा त्यातलं काही माहीत नव्हतं, नुसतंच बोलायचं म्हणून बोलल्या.

दोरांना भार म्हणून लावतात त्या वाळूच्या पिशव्या कोपऱ्यात रचलेल्या होत्या, पंचवीस-पंचवीस किलोच्या. काकांनी तीन आणल्या. तिने चौथी आणायला लावली. बेल्ट हुकाला अडकवला, पिशव्या त्याच्या पट्ट्यांत बांधल्या, आणि काकांनी दोर ओढून ते सगळं दोन पुरुष उंचीवर नेलं. रिकाम्या रंगमंचावर पिशव्या हळूहळू गोल फिरत राहिल्या.

“बघ, हत्ती बांध,” काका म्हणाले. “उतरवू?”

“तीन मिनिटं,” ती म्हणाली.

तिने मोजायला सुरुवात केली, या वेळी ओठ हलवून. साठला काकांनी जांभई दिली. शंभरला ताई आत जायला वळल्या. एकशे बाराला टक् असा बारीक आवाज झाला, नखाने दोरा तोडावा तसा. तिने मोजणं थांबवलं. मग एका पाठोपाठ एक टाके सुटत गेले, काही घाई नसल्यासारखे, आणि चारही पिशव्या खाली आल्या. लाकडी जमीन हादरली. एक पिशवी फुटून वाळू ताईंच्या पायापर्यंत घरंगळत आली.

 काकांनी वर लोंबणारा रिकामा हूक पाहिला, मग वाळू पाहिली. मग त्यांनी दोन्ही हात आपल्या कमरेला लावले आणि ते तिथंच एका पायरीवर बसले.

“पोरीने वाचवलं,” ते म्हणाले. “उद्या मी होतो त्याच्यात.”

ताईंनी वाकून बेल्ट उचलला. लेबल डोळ्यांपाशी नेलं. त्या रागाने म्हणाल्या, “हा सतरा नंबर कोण नालायक आहे? शिक्का मारताना हात कसा झडला नाही त्याचा?”

गप्प राहणं त्या क्षणी फार सोपं होतं. काका तिच्याकडे ज्या नजरेने बघत होते, त्या नजरेने तिच्याकडे आजवर कुणी पाहिलं नव्हतं.

“मी आहे,” ती म्हणाली. “सतरा नंबर मी.”

मग तिने सांगितलं. तारीख आपली नाही, हेही सांगितलं, पण ते सांगताना तिला लाज वाटली.  शेवटी ताईंनी दोनच प्रश्न विचारले.

“कधी दिसलं तुला हे?”

“काल दुपारी.”

“आणि तिथं किती वर्षं होतीस?”

“चार.”

“चार वर्षं,” ताई म्हणाल्या.

काका पायरीवरून म्हणाले, “अशी खोकी आणखीही गेली असतील.”

“हो.”

“म्हणजे आत्ता, या घडीला, कुणाच्या तरी कमरेला असणार.”

 ताईंनी बेल्ट तिच्या हातात दिला. “मी सरकारी तपासणीवाल्यांना पत्र लिहिते. पण ते आधी हेच म्हणतील, की शिक्का तुझा, तर जबाबदार तूच. तू तो परत दिलास, याचा कागद आहे?”

“नाही.”

“मग तो आधी घेऊन ये. आजच जा.” त्या शिवणखोलीकडे वळल्या आणि दारात थांबल्या. “अंगुस्तान टेबलावर ठेवून जा. तुझं काय करायचं, ते मला आज सांगता येत नाही.”

तिने ते बोटातून काढलं. सोळा दिवसांत बोटावर त्याचा पांढरा वण उमटला होता.

कारखान्याच्या फाटकाशी ती पोचली तेव्हा पाच वाजून दहा मिनिटं झाली होती. वॉचमनने तिला ओळखलं. “कागद राहिलाय एक,” ती म्हणाली. “राहतोच सगळ्यांचा,” असं म्हणून त्याने आत सोडलं. तोच वास, गरम नायलॉनचा. तेच पांढरे दिवे. त्याच पायऱ्या. ऑफिसात घाईसाहेब नव्हते. ती चेकिंगच्या हॉलमध्ये गेली. अठरा हूक, अठरा स्टुलं. तिच्या सोबतिणींपैकी कुणी मान वर केली, कुणी केली नाही. आणि तिच्या स्टुलावर एक बाई बसली होती.

तिच्याच वयाची असेल. नीटनेटकी, केसांना घट्ट चिमटा. बेल्ट हुकाला लावून ती ओठ हलवत मोजत होती. ही जवळ जाऊन उभी राहिली आणि तिचं मोजून व्हायची वाट पाहिली. एकशे ऐंशीला त्या बाईने शिवण तीनदा ओढली, शिक्का मारला आणि हिच्याकडे बघून हसली.

“कुणी हवंय का?”

“तुमच्या आधी मी बसायचे इथं.”

“अगं बाई, तुम्ही होय,” ती म्हणाली. “तुमचंच नाव ऐकलं. म्हणजे नंबर ऐकला. साहेब म्हणाले, आधीची सतरा फार बारकाईने काम करायची, तसं करा.”

“आवडतं का इथं?”

“म्हणजे काय. मागच्या ठिकाणी जीव नकोसा झाला होता मला. शिव्या खायच्या आणि घरी जायचं. इथं साहेब एका शब्दाने बोलत नाहीत. नंबर मिळाला, तेव्हा मी घरी जाऊन सगळ्यांना सांगितलं. आपल्या शिक्क्यावर माणूस विश्वासाने चढतो, किती मोठी गोष्ट आहे.” ती जरा संकोचली. “माझ्या मुलाने वहीवर सतरा काढून रंगवलंय.”

“शिक्का संध्याकाळी कुठं ठेवता?”

“साहेबांच्या ट्रेमध्ये. हरवू नये म्हणून.”

हिला तिथं उभं राहवेना. ती शेजारच्या खोक्यावर बसली. पिशवीतून बेल्ट काढला आणि तिच्यासमोर ठेवला, उसवलेली बाजू वर करून. त्या बाईने तो हातात घेतला. सुटलेले टाके पाहिले. लेबल उलटलं. 

“हा माझ्या हातून गेलेला नाही,” ती म्हणाली. “देवाशपथ सांगते. मी प्रत्येक मोजते.”

“माहीत आहे. तारीख बघा.”

“अठरा.” तिने डोळे बारीक केले. “मी तर सत्तावीसला लागले. माझ्याकडे कागद आहे.” डब्याच्या पिशवीतून तिने प्लॅस्टिकमध्ये घातलेला, चार घड्यांचा कागद काढला. त्यावर लिहिलं होतं: शिक्का क्रमांक सतरा, सत्तावीस तारखेपासून.

हिने आपल्या पर्समधलं पत्र काढून त्याच्या शेजारी ठेवलं. नऊ तारीख. दोन्ही कागदांच्या मधे बेल्ट.

त्या बाईने बोट आधी नऊवर, मग अठरावर, मग सत्तावीसवर ठेवलं. “मग अठराला कोण होतं?”

“कुणीच नव्हतं.”

“पण शिक्का तर...” ती थांबली. तिने मागे वळून रॅकवरचे कोरे बेल्ट पाहिले. दोनशे असतील. ते तिथं रोज असायचे, आणि सकाळी नसायचे. तिला कुणी समजावून सांगावं लागलं नाही.

“तुमचा कागद मिळाला, तर मला तपासणीवाल्यांना दाखवता येईल,” ही म्हणाली. “माझ्या एकटीच्या पत्राने काही होणार नाही. ते म्हणतील, शिक्का मीच ठेवून घेतला होता.”

“आणि माझी नोकरी?”

हिला खोटं बोलता आलं असतं. दुपारी माप घेण्याच्या नावाखाली बोललीच होती.

“जाईल बहुतेक,” ती म्हणाली. “माझीही चाललीय.”

“महिना दीड महिनाच झालाय हो मला,” ती बाई म्हणाली. तिचा आवाज एकदम लहान मुलीसारखा झाला. “आत्ता कुठं झोप लागायला लागली होती.”

हॉलच्या टोकाला दार वाजलं. घाईसाहेब ट्रे घेऊन आत आले. साडेपाच झाले होते. ते नेहमीसारखे मान कलती करून ओळीने येऊ लागले. एक. ओ. ट्रेमध्ये टण्ण. दोन. ओ. टण्ण. ते मवाळपणे हसत होते, प्रत्येकीशी अर्धं वाक्य बोलत होते. नऊ. दहा.  हिला पळावंसं वाटलं. ती बसून राहिली.

त्या बाईने कागदाची घडी घातली नाही. तो टेबलावर तसाच उघडा राहिला. शिक्का मात्र तिने उचलला, पदराला पुसला, आणि मूठ मिटून मांडीत ठेवली. 

पंधरा. टण्ण. सोळा. टण्ण.

घाईसाहेब पुढे आले, ट्रे समोर धरला, आणि बेल्टकडे किंवा कागदांकडे न बघता, सवयीने पुकारलं, “सतरा.”

दोघींनी एकदमच ओ दिली.